झेलणारी पाहिजे

तुमच्या इमारतीत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा चालतो?

घाई करू नका, नीट आठवा. उत्सवात गेटसमोर भिंतीएवढे स्पीकर लागतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तान्ही पोरं दचकून उठतात, तेव्हा तक्रार कोण करतं? कुणीच नाही. कारण त्या स्पीकरसमोर खुद्द कमिटी नाचत असते. आणि एखादी म्हातारी भरदुपारी आपल्या घरात आपलंच गाणं लावते, तेव्हा त्याच कमिटीला एकदम कायदा आठवतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत पाहिलंय. ती म्हातारी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती. तिचं नाव पदीबाय.

सोसायटीच्या पाटीवर ती 'श्रीमती पद्मा' होती. पाटी वाचून कुणी हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. पदीबाय आगरी. आमची इमारत उभी आहे ती तिच्या सासऱ्याच्या भातशेतावर. शेत गेलं, बदल्यात फ्लॅट आले, आणि मुलगे, सुना, नातवंडं असं सगळं घर त्यात शिरलं. पण पदीबायच्या डोक्यातला नकाशा जुनाच राहिला. वॉचमनला ती "खल्याव बसतं तो" म्हणायची, कारण त्याची खुर्ची जिथे ठेवलीय तिथे पूर्वी त्यांचं खळं होतं, भात झोडपायची जागा. लिफ्टला मात्र तिने काही नाव दिलं नाही. लिफ्टमध्ये ती कधी चढलीच नाही.

गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळावर जुनं गोंदण, आणि दिवसा कायम सताड उघडं दार. उंबऱ्यात बसून ती जवळा निवडायची आणि जिन्याने जाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न टाकायची, "कोनची तू?" मी शेजारची. तरी मलाही रोज.

"आजी, कालच सांगितलं ना!"

"काल सांगतलंस. आज बदललीस का काय ते बगतंय."

तिच्याकडे एक स्पीकर होता. चाकांचा, ओढायला दांडा असलेला, लाल-निळे दिवे फिरणारा. नात दर्शनाच्या वाढदिवसाला घरात आला आणि पार्टी संपल्यावर कोपऱ्यात पडला. पदीबायने त्याला पाटावर बसवलं, दसऱ्याला झेंडूची माळ घातली आणि नाव ठेवलं पोपट. "सांगलं तवडंच बोलतो. घरात आसा येक तरी पायजे."

दुपारची भांडी घासून झाली की पोपट लागायचा. त्यातून बाईचा आवाज यायचा, जाडसर, सोबत कुठलंही वाद्य नाही. एक ओळ. मग शांतता. मग पुढची ओळ. पुन्हा शांतता. डीजेला माणूस आधी वैतागतो आणि मग सरावतो. याला सरावता येत नव्हतं. शांतता पसरली की वाटायचं, संपलं बुवा. उशीला डोकं टेकावं तोच पुढची ओळ. खालच्या मजल्यावरच्या देवधरकाकू जिन्यात मला म्हणाल्या, "माझी बीपीची गोळी वाढवली डॉक्टरांनी. गाण्यामुळे नाही गं. त्या मधल्या गप्प बसण्यामुळे."

सगळ्यांनी ठरवून टाकलं की रेकॉर्डिंग बिघडलंय. आमचे सेक्रेटरी प्रधानकाका तसे भले गृहस्थ. तक्रार अर्जापर्यंत जाण्याआधी आपणच मार्ग काढावा म्हणून ते पदीबायकडे गेले. "बाई, तुमचं गाणं सारखं तुटतंय. आमचा मुलगा कॉम्प्युटरवर नीट करून देईल." पदीबायला वाटलं, आवाज वाढवून देणार. तिने पेनड्राइव्ह काढून दिला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः घेऊन आले. मुलाने मधल्या सगळ्या रिकाम्या जागा कापून ओळीला ओळ जोडून दिली होती. "आता सलग वाजेल बघा. आणि निम्म्या वेळात संपेलसुद्धा!"

पदीबायने उभ्याने ऐकलं. कंबरेवरचे हात खाली आले. तिने पेनड्राइव्ह उपटून काकांच्या हातात ठेवला.

"तुमी तं गलाच दाबलाव तिचा. परत फोडून आना."

"फोडून म्हणजे?"

"जसा व्हता तसा. भोकं पारून."

काका बिचारे भोकं पाडून घेऊन आले. पण त्यांचा अपमान झाला होता. महिन्याच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर 'दुसऱ्या मजल्यावरील ध्वनिप्रदूषण' हा विषय चढला.

आता माझं सांगते. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. पप्पा डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत कामाला, आणि संध्याकाळी युनियनची पत्रकं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. आदल्याच उत्सवात मी स्पीकरच्या भिंतींविरुद्ध एक पत्रक काढून सगळ्या दारांखालून सरकवलं होतं. त्यात ठणकावून लिहिलं होतं की नियम सगळ्यांना सारखा. तेव्हा पदीबायला सूट देणं मला शक्य नव्हतं. शिवाय दुपारी मला लिहायचं असायचं आणि तो आवाज मला खरोखर छळत होता. मी तिच्या दारात गेले.

"कोनची तू?"

"शेजारची. आजी, आवाज जरा कमी कराल का?"

"कमी केला तं तिला आयकू कसा जाईल?"

"कुणाला?"

"त्येच तं ठाव नाय," पदीबाय म्हणाली, आणि तिने मला खाली बसवलं.

मला धवला म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर लाज वाटून घेऊ नका, शाळेत शिकवत नाहीत. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी विधी चालवायची ती धवलारीण. ती गायची आणि तिच्या गाण्यावर मांडव उभा राहायचा, हळद लागायची, नवरी निघायची. धवला एकटीने होत नाही. खांबाच्या एका बाजूला ओळ टाकणारी, दुसऱ्या बाजूला झेलणारी. पहिलीने टाकलेली ओळ दुसरीने जशीच्या तशी म्हणायची. ती झेलली गेली की मगच पुढची.

"आणि नाही झेलली तर?"

"थांबायचा."

"किती वेळ?"

"झेलंपत्तुर."

पदीबायची झेलणारी होती गोमीबाय. दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आल्या आणि ठाकुर्लीपासून खाडीपर्यंत किती मांडवांत उभ्या राहिल्या त्याचा हिशोब दोघींकडेही नव्हता. मग गोमीबाय गेली. पदीबाय मांडवात जायची थांबली. तसंही कुणी बोलवत नव्हतं. गुरुजींना माइक मिळाला होता आणि हळदीला डीजे.

पण आता दर्शनाचं लग्न ठरलं होतं. आईवेगळी पोर पदीबायच्या मांडीवर वाढलेली. तिच्या मांडवात धवला व्हायला हवा, एवढंच म्हातारीचं मागणं. मुलगे म्हणाले, "आये, कोन आयकतंय आता? आनि झेलनार कोन?" त्यावर ती वाद घालत बसली नाही. तिने दर्शनाला स्वयंपाकघरात बसवून आपला आवाज भरून घेतला. एक ओळ, मग झेलणारीसाठी तेवढीच मोकळी जागा. छातीत दम उरला नव्हता, गॅलरीच्या पलीकडे तिचा आवाज जात नव्हता, म्हणून पोपट.

"यवड्या इमारती उठल्या. त्यांच्यात कवड्या बाया! येकीला तरी येत आसंल. ओल कानाव परली का ती गप नाय बसायची."

"आणि कुणीच नसली तर?"

"माजा बाप खाडीत जालं टाकायचा. मासा दिसतंय म्हनून कोन जालं टाकतंय का?"

मी तिला सरळ सांगितलं की आवाज मला छळतो, तो छळणारच आहे, पण तोडगा काढू. आम्ही दोघींनी पोपट ओढत गॅलरीत नेला आणि त्याचं तोंड माझ्या भिंतीकडून गल्लीकडे फिरवलं. परीक्षेच्या दिवसांत बंद. एरवी जेवणानंतर एकदाच, पूर्ण धवला. ती लगेच कबूल झाली. माझा कान धरून म्हणाली, "दोन हायेत ना? येक तुजा, येक माजा." पुढे कुणाशीही काही ठरवताना ती हेच म्हणायची. दूधवाल्याशीसुद्धा.

आणि एके दुपारी ओळ झेलली गेली.

पोपटाने ओळ टाकली. शांतता झाली. आणि त्या शांततेत, खाली गेटपाशी, एक घोगरा आवाज तीच ओळ म्हणाला. अगदी सहज, काम करता करता म्हटल्यासारखा. पदीबाय मोरीत होती. ओल्या हातांनी, अनवाणी, ती जिना उतरली. एवढ्या वेगाने उतरताना मी तिला त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही. मी मागोमाग.

गेटशी एक भाजीवाली टोपली मांडून बसली होती. माठ आणि मुळ्याच्या जुड्या. वयाने पदीबायहून बरीच लहान.

"कोनची तू?"

"आंबिवलीची."

"झेल बरा."

पदीबायने ओळ टाकली. भाजीवालीने झेलली. पण शेवटाला तिचा सूर उचलला गेला, पतंगाला ढील द्यावी तसा. पदीबायची ओळ शेवटी खाली उतरायची आणि जमिनीला टेकून थांबायची.

"ह्ये काय? वर कशाला नेतंस?"

"आमची वरच जाते."

"खाली उतरव. ओल जिमिनीला टेकली पायजे. टेकली नाय तं पोरीचा घर कसा बसंल?"

"पोरगी मांडवातून निगते, म्हातारे. तिला उचलायची का खाली टाकायची?"

"गोमी उतरवायची!"

"मंग गोमीला बोलव," भाजीवाली हसून म्हणाली. तिला काय माहीत. "मी भाजी इकाला आयलेय. दोन जुऱ्या घेतंस का?"

पदीबाय जुड्या न घेता वर आली. मी म्हटलं, "आजी, वर काय नि खाली काय? घ्या ना तिला." ती जवळा निवडत राहिली. त्या दिवशी तिने जवळा जरा जास्तच निवडला.

पण पुढचे काही दिवस फार मजेचे गेले. पोपट लागला की खालून भाजीवाली झेलायची, मुद्दाम आणखी उंच नेऊन. वरून पदीबाय गॅलरीत येऊन ओरडायची, "खाली!" खालून उत्तर, "वर!" रिक्षावाले थांबून ऐकायचे. देवधरकाकू म्हणाल्या, "आता मधली जागा भरते गं, झोप लागते मला." एकदा पदीबाय ओरडायला गेली आणि तिला हसूच फुटलं, पदर तोंडाशी धरावा लागला. तिचं मन वळणार, असं मला वाटत होतं. दर्शनाच्या लग्नाला अजून वेळ होता.

मग ती मीटिंग झाली. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये. पदीबाय जमिनीवर बसली होती, तिच्या खळ्याच्या जागी. ध्वनिप्रदूषणाचा विषय निघाल्याबरोबर मी उभी राहिले. म्हटलं, नियम लावा, पण उत्सवापासून लावा. कमिटीतले एक जण म्हणाले, "ताई, भक्तीचा विषय वेगळा असतो."

"का? भक्ती ऐकणाऱ्याचे कान वेगळे असतात?"

गोंधळ झाला. उत्सवाचे स्पीकर वाचवायचे तर पोपटालाही वाचवणं भाग होतं. प्रधानकाकांनी विषय गुंडाळला. मी जिंकले होते. चहाचे कप फिरायला लागले आणि काकांनी पुढचा विषय घाईत वाचला, "गेटलगत बसणाऱ्या अनधिकृत विक्रेत्यांना मनाई." मी पुन्हा उठले. "तुमचं झालं ना आता, बसा," कुणीतरी म्हणालं. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा. कप सांभाळत हात वर गेले. आणि त्या हातांत एक हात पदीबायचा होता. तिला वाटलं, हे आपल्या पोपटासाठी चाललंय. ज्या भाषेत तो ठराव वाचला ती तिची भाषा नव्हती. तिला उद्देशून तो कुणी वाचलाही नव्हता. मी तिच्याकडे बघून नको नको अशी मान हलवली. तिने ती शाबासकी समजून हात आणखी उंच केला.

दुसऱ्या दिवशी गेट मोकळं होतं. पोपटाने ओळ टाकली. शांतता. पुढची ओळ. शांतता. चार-पाच दुपारी अशा गेल्यावर ती मला घेऊन खाली वॉचमनकडे गेली.

"ती वर नेनारी कुटं गेली?"

"कौन, भाजीवाली? मीटिंग में तय हुआ ना, माताजी. आपने भी तो हाथ उठाया था."

पदीबायने माझ्याकडे बघितलं. मी खरं काय ते सांगितलं. आपला उजवा हात डाव्या हाताने धरून ती जिना चढली.

आम्ही आंबिवलीला गेलो. तिनेच मला नेलं म्हणायला हवं. स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसलेल्या बायकांत ती प्रत्येकीचा चेहरा बघत फिरली. कोथिंबीर विकणारी एक म्हणाली, "नाव काय तिचा?" पदीबाय थांबली. तिने गाव विचारलं होतं, सूर तपासला होता. नाव विचारलं नव्हतं. मग टोपल्यांच्या मधोमध उभी राहून, पोपटाशिवाय, तिने आपल्या उरलेल्या दमात ओळ टाकली. आणि थांबली. लोक वळले. एक तरुण मोबाईल धरून पुढे आला. "आजी, परत एकदा म्हणा ना. नीट रेकॉर्ड नाही झालं."

पदीबाय म्हणाली, "तुज्यासाटी नाय. झेलनारी बगतंय." तो हसला आणि रेकॉर्ड करत राहिला.

परतताना ती एकदाच बोलली. "सगल्यांना 'कोनची' इचारला मी जलमभर. 'कोन' नाय इचारला."

दर्शनाचा मांडव गावच्या मैदानात पडला. सकाळची वेळ. खांबाला उंबराची फांदी बांधली होती. गुरुजी यायचे होते, डीजेची माणसं वायरी ओढत होती. मुलगे म्हणाले, "आये, गुरुजी येतान तोवर म्हन काय ते." पदीबाय हातात दिवा घेऊन खांबाच्या उजव्या बाजूला उभी राहिली. नवं हिरवं लुगडं. समोर पाटावर दर्शना, पिवळ्या साडीत, मान खाली घालून. नवरीने मांडवात बोलायचं नसतं.

पदीबायने ओळ टाकली. जेमतेम दोन रांगांना ऐकू गेली असेल. ती थांबली. खांबाची दुसरी बाजू रिकामी होती.

"चेक, चेक. हॅलो. चेक," स्पीकरमधून आवाज आला.

पाहुणे हसले. पदीबाय थांबलेलीच होती. झेलंपत्तुर थांबायचं, हा नियम. मी मांडवाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर पाहुण्यांत उभी होते. इतके महिने भिंतीतून ऐकलेली ती ओळ माझ्या तोंडात आली होती, पण तोवर पदीबाय हलली होती. दिव्याला हाताचा आडोसा धरून ती हळूहळू खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. मघा स्वतः जिथे उभी होती त्या जागेकडे तोंड करून उभी राहिली आणि स्वतःचीच ओळ झेलली.

शेवटाला सूर उतरला नाही. वर गेला. आंबिवलीला जातो तसा.

मग ती परत उजवीकडे आली. पुढची ओळ टाकली, खाली उतरवून. पुन्हा वळसा. पुन्हा झेलली, वर उचलून. दर्शनाचे खांदे हलत होते. डीजे सुरू झाला तेव्हाही पदीबायचे ओठ हलत होते आणि ती खांबाभोवती जात-येत होती. धवला पुरा झाला की नाही, ते त्या आवाजात कुणालाच कळलं नाही. मी तिला नीट पाहिलं ते शेवटचं. लग्नानंतर धाकट्या मुलाने तिला पनवेलकडे नेलं. दुपारी आता भिंतीपलीकडे काही वाजत नाही. गेट मोकळं आहे. उत्सवाची वर्गणी वेळेवर गोळा होते.

म्हणून हे पत्रक, आणि त्यात एकच मागणी. तुमच्या इमारतीत, मागच्या चाळीत, गेटबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बायांत अशी कुणीतरी नक्की असेल. आज तिच्याकडे जा. आधी तिचं नाव विचारा. मग म्हणा, एक ओळ टाका. ती टाकेल आणि थांबेल. तेव्हा टाळ्या वाजवू नका. मोबाईल वर करू नका. सूर वर जातोय की खाली, याची काळजी करू नका. तुम्हाला दोन कान आहेत, त्यातला एक तिचा आहे. तीच ओळ तिला परत म्हणून दाखवा.